सकाळी गाडी मागून बसलेली दिसते?

रात्री गाडी सरळ उभी केलेली असते. सकाळी बघावं तर मागचा एक कोपरा चार बोटं खाली. इंजिन सुरू केलं की मागून घर्र आवाज येतो, थोड्या वेळात गाडी उठते आणि आपणही विसरतो. आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी येते ती बहुतेक वेळा तो आवाजही बंद पडल्यावर. तोवर खर्च दुप्पट झालेला असतो.

ई७० एक्स५ किंवा एफ०२ ७ सिरीज अशा बऱ्याच जुन्या बीएमडब्ल्यूंमध्ये मागे स्टीलऐवजी हवेची स्प्रिंग असते. तिला बेलो म्हणा, बसवाल्यांसारखं बलून म्हणा. दोऱ्यांच्या विणीवर रबर चढवलेला तो फुगा असतो. गाडी दबते तशी त्याची खालची घडी गुंडाळत वर-खाली होते आणि रबर चिरतं ते याच घडीत. वयाने ते कडक झालेलंच असतं. त्यात पावसाळ्यात खानापूर-कणकुंबीकडून आलेल्या गाडीच्या घडीत तांबडा चिखल बसतो आणि वाळला की पॉलिश पेपरसारखा घासतो. चोर्ला घाटाने गोव्याला येजा असेल तर गाडी धुताना तिथे साध्या पाण्याची धार मारायला सांगा. प्रेशर गन जवळ नेऊ नका.

चीर बारीक असते तोवर गेलेली हवा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, भरून काढतो. सकाळचा तो घर्र आवाज याचाच. पण तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. सतत चालला की तापतो, आतली रिंग झिजते आणि एक दिवस जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून घेऊ नका. गळती तशीच राहिली तर नवाही त्याच वाटेने जाणार.

आम्ही आधी साबणाचं पाणी मारून फेस कुठे येतो ते बघतो, तेही गाडी वर-खाली करून, कारण काही चिरा एका ठरावीक उंचीलाच उघडतात. कधी गळती पाइपच्या जोडात निघते. मग टोक सरळ कापून पुन्हा बसवलं की काम झालं, बेलो विकायचा मोह आम्ही आवरतो! बेलोच गेला असेल तर मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला. दुसऱ्याचं वयही तेवढंच असतं.

नवा बेलो रिकामा असताना त्यावर गाडीचं वजन येता कामा नये. चाकं लोंबकळत ठेवून स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आधी थोडी हवा भरायची, घडी नीट बसली का बघायचं, मगच गाडी खाली घ्यायची. ही घाई दुसरीकडे झालेली गाडी आमच्याकडे आली होती. कोरा बेलो घडीतच चिमटून फाटलेला. शेवटी रिमपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून उंची स्कॅनरमध्ये नोंदवतो.

"स्टीलची स्प्रिंगच टाका की," असं बरेच जण म्हणतात. टाकता येते. पण मग मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की गाडी मागून बसणार, कोडिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तसा बदल, केल्याशिवाय डॅशबोर्डवरची वॉर्निंगही जाणार नाही. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल तर आमचं मत बेलोलाच.

गाडी पूर्ण बसली असेल तर निपाणी-संकेश्वरहून हायवेने तशीच चालवत आणू नका, फ्लॅटबेड बोलवा. स्टँड न लावता खाली हात तर घालूच नका. येण्याआधी सकाळी उभ्या गाडीचा मागून काढलेला फोटो आणि आरसीवरच्या चॅसिस नंबरचे शेवटचे सात अंक-अक्षरं पाठवा. त्यावरून नेमका पार्ट मागवून ठेवता येतो.