ब्लू टिक आणि पन्नास टक्क्यांचं प्रेम

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी काही मिनिटांतच मांडवी ओलांडते. तेवढ्यात माझ्या भाचीने मोबाईल अकरा वेळा उघडला. मोजायचं कारण नव्हतं, पण स्कूटर स्टँडवर लावून उभा होतो, दुसरं काम काय? मेसेज गेलेला, दोन्ही टिक निळ्या, उत्तर नाही.

"बॉयफ्रेंड का गं?"

"नाही रे मामा. सिच्युएशनशिप. म्हणजे नक्की काय आहे, ते ठरलेलंच नाही."

आमच्या वेळी याला 'झुलवत ठेवणं' म्हणत आणि दोष झुलवणाऱ्याचा असे. नव्या शब्दात दोष कुणाचाच नाही. ही सोय की शहाणपण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण या झुलण्यात मेंदू का अडकतो, याचा धागा माकडांवरच्या प्रयोगांत सापडतो. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देत त्यांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. रस अनपेक्षित मिळाला की पेशी उसळत. खूण दिसल्यावर तो ठरल्याप्रमाणे मिळू लागला की रसाच्या वेळी त्या जवळपास गप्प राहत. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावत. २००३ साली त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. खूण आणि रस यांच्या मधल्या काळात काही पेशींची धडधड हळूहळू चढत जाते आणि ती सर्वांत जास्त असते रस मिळण्याची शक्यता निम्मी असताना. खात्रीने मिळणार असेल तेव्हा नव्हे, मिळणारच नसेल तेव्हाही नव्हे.

माकडावरून थेट माणसावर उडी मारू नये, हे खरं. पण २०११ साली अमेरिकेतल्या ४७ विद्यार्थिनींना सांगण्यात आलं की काही तरुणांनी त्यांची फेसबुक प्रोफाइल पाहिली आहेत. काहींना म्हटलं, तू या तरुणांना फार आवडलीस. काहींना, बेताची आवडलीस. उरलेल्यांना, यातलं काहीही असू शकेल. ओढ सर्वांत जास्त वाटली ती या उरलेल्या मुलींना, आणि त्या तरुणांचा विचारही त्यांच्याच मनात जास्त घोळत राहिला. प्रयोग लहान, मुली एकाच विद्यापीठातल्या. तरी फेरीवरच्या त्या अकरा वेळा मला तिथेच आठवल्या.

नव्या प्रेमाची धुंदीही काही कायमची नसते. इटलीत १९९९ साली मानसोपचारतज्ज्ञ दोनातेल्ला माराझ्झिती यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात मंत्रचळाच्या रुग्णांइतकं कमी निघालं. वर्ष-दीड वर्षाने त्यांच्यातल्या काहींना पुन्हा तपासलं, तर आकडे सर्वसामान्यांइतके झालेले.

गोव्यातल्या लग्नाच्या नोंदणीत अजून दोन सह्या लागतात. पहिल्या सहीनंतर नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती येते, मग दुसरी सही. दोन सह्यांमधला हा काळ कायद्यानेच आखून दिलेला, त्यात कुणी झुलत नाही. भाचीला हे सांगितलं, तर म्हणाली, "मामा, आमचं पहिल्या सहीच्याही आधीचं आहे."

चोडणच्या धक्क्याला फेरी लागली, रॅम्प खाली आला. स्कूटरी सुरू झाल्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. तिने पडदा माझ्याकडे वळवला. उत्तर होतं : 'हम्म'.

घर येईपर्यंत ती मागे बसून गुणगुणत होती.