‘नवा जन्म’ आणि पुनर्जन्म: मागच्या जन्मी तू कोण होता?

आमच्या यवतमाळकडच्या गावात कापसाची वेचणी आटोपली की ख्रिस्ती लोकांची प्रार्थना सभा कुणाच्या तरी अंगणात भरायची. खाली ताडपत्री, एक ढोलकी, पाळक आले तर एक खुर्ची. आम्ही शेजारपाजारचे काट्याच्या कुंपणाला टेकून ऐकायचो. एकदा एक गडी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, उभा राहिला आणि म्हणाला, “पाच वर्षांआधी माझा नवा जन्म झाला.” कुंपणाअलीकडून माझी आजी चटकन बोलली, “मंग मांगच्या जन्मी तू कोन होता रे बाप्पा?”

“दारुड्या होतो, आजी. तुमच्याच घरून नेलेली दोन पायल्या जवारी बुडवली मी.”

अंगण हसलं. आजी मात्र घरी येईपर्यंत पुटपुटत होती, “त्यायच्यात बी पुनर्जन्म असते म्हणा की.”

नसतो. पण आजीची चूक जुनीच आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांची. बायबलात योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, आहे; त्याच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी, म्हणजे शास्त्र कोळून प्यालेला माणूस, रात्रीचा येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. त्यावर हा पंडित विचारतो, म्हाताऱ्या माणसानं आईच्या पोटात परत शिरायचं का? मूळ ग्रीक शब्द आहे ‘आनोथेन’. त्याचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमानं पहिला धरला. येशूचा रोख वरून, म्हणजे देवाकडून, होणाऱ्या जन्माकडे होता: पाण्यानं आणि आत्म्यानं. पुढे तो वाऱ्याचा दाखला देतो. वारा हवा तिकडे वाहतो, आवाज येतो, पण आला कुठून ते कळत नाही. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा या दोन्हींना ‘प्नेउमा’ हा एकच शब्द असल्यानं तो दाखला तिथं चपखल बसतो. मराठीत आणताना हा श्लेष सांडतो, त्याला इलाज नाही.

पुनर्जन्म आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं जुनं वस्त्र टाकून नवं घालणं कीर्तनात शंभरदा ऐकलेलं असतं. देह जातो, जीव दुसरा देह धरतो, कर्माचा हिशेब पुढे चालतो. हा जन्म मेल्यावर होतो, सगळ्यांचा होतो आणि न मागता होतो. या फेऱ्यातून सुटावं म्हणून तर सगळी धडपड.

ख्रिस्ती नवा जन्म मरायच्या आधी व्हावा लागतो. तोच देह, तेच नाव, सातबाऱ्यावर तोच हिस्सा; बदलतं ते देवाशी असलेलं नातं. आपोआप तो कुणाचाच होत नाही, ख्रिस्ती घरात जन्मलेल्याचाही नाही. नेमका कधी होतो यावर त्यांच्यातही एकमत नाही. कॅथलिक शिकवणीत तो बाप्तिस्म्यात, म्हणजे पाण्यानं दिलेल्या दीक्षेत, होतो, तान्ह्या लेकराचासुद्धा. खेड्यापाड्यांत सभा घेणारे बरेच पाळक मात्र सांगतात की पश्चात्ताप करून विश्वास ठेवला त्या क्षणी तो झाला. नदीत बुडवून दिलेला बाप्तिस्मा ही त्याची जाहीर साक्ष. म्हणून त्या गड्याला साल आठवत होतं.

दुसरा घोटाळा ‘तारण’ या शब्दाचा. सभेत कुणी विचारतं, “भाऊ, तुमचं तारण झालं का?” म्हणजे पापातून सुटका झाली का. आमच्या कास्तकाराच्या कानात त्याचा भलताच अर्थ घुसतो. त्याच्यासाठी तारण म्हणजे बाजार समितीच्या गोदामात तूर-सोयाबीन ठेवून घेतलेलं कर्ज. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. गंमत अशी की हा अर्थ सभेतल्या अर्थापासून फार लांबचा नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. म्हणजे अडकलेल्याची किंमत भरून सुटका. (‘खंडणी’ शब्दाची आताच्या बातम्यांनी पार वाट लावली, तो भाग वेगळा.) फरक मोक्षाशी ताडून पाहिला की उघडा पडतो. कर्माच्या हिशेबात आपलं आपण फेडायचं, जन्मामागून जन्म. गुरूची, देवाची कृपा असतेच, पण खातं आपल्या नावावर. तारणात दुसऱ्यानं भरलेलं असतं, आपण ते कबूल करायचं.

मग नरकाचाही अर्थ बदलतो. तेरवीपर्यंत घरात वाचतात त्या गरुडपुराणातले नरक भयंकर खरे, पण मुदतीचे. भोग सरला की जीव पुन्हा कुठल्या तरी योनीत. ख्रिस्ती शिकवणीत न्याय एकदाच होतो. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लिहिलंय की माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे. मराठी बायबलात ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन शब्द येतात, ते एक समजू नयेत. अधोलोक म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण. नरकासाठी येशूच्या तोंडी येणारा मूळ शब्द ‘गेहेन्ना’, म्हणजे यरुशलेमजवळची हिन्नोमची दरी, जिथं एके काळी लोकांनी आपली लेकरं आगीत बळी दिली होती. नरकाची शिक्षा अनंत काळ चालते असं बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्च, मानतात. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांसारख्या काही म्हणतात की शेवटी पापी नाश पावतो, जळत राहत नाही.

एवढं सांगूनही पारावर एखादा हटकून म्हणतोच, “बायबलात एलीया योहान होऊन आला ना? झाला की पुनर्जन्म!” एलीया म्हणजे येशूच्या कितीतरी आधीचा संदेष्टा; आणि हा योहान शुभवर्तमानवाला नव्हे, लोकांना बाप्तिस्मा देणारा. मुद्दा बिनबुडाचा नाही. आलेला एलीया तो हाच, असं येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल म्हणतो खरं. पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एलीया मरतच नाही, वावटळीतून वर घेतला जातो. मेलाच नाही तर पुन्हा जन्मणार कसा? ‘तू एलीया आहेस का’ असं विचारल्यावर योहान स्वतः ‘नाही’ म्हणतो. आणि योहानाचं मुंडकं उडवल्यानंतर डोंगरावर येशूसोबत मोशे आणि एलीया दिसतात, योहान नव्हे. दुसरा शुभवर्तमानकार लूक एका ओळीत उलगडा करतो: योहान एलीयाच्या आत्म्यानं आणि सामर्थ्यानं चालेल. एखाद्याला ‘अगदी आजोबावर गेला’ म्हणतो, तसलं हे.

पुनरुत्थान तर आणखी निराळं. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, आणि उठेल तो तोच माणूस, दुसरा कुणी नाही. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती लोक पुरतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरलेलं मरतं तेव्हाच उगवतं, आणि उगवतं ते पेरल्यासारखं दिसत नाही. सरकी टोबणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

साक्ष देणारा तो गडी काही वर्षांनी वारला. नाल्यापलीकडच्या त्यांच्या मसनवाटीत मातीला आजीही आली होती. माती लोटून झाल्यावर तिनं त्याच्या बायकोला हळूच विचारलं, “आता कोन्त्या जन्मात जाईन वं हा?”

“कुठंच नाही, आजी. इथंच झोपले. उठतीन तवा हेच राहतीन.”

आजी थोडा वेळ ढिगाऱ्याकडे पाहत राहिली. “हेच? मंग गुडघे तरी नवे भेटतीन का नाही?”

“भेटतीन,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, आणि हसली.