'तू वर्णद्वेषी आहेस' म्हटल्यावर पुढे काय होतं?

पडद्यावर एका काळ्या माणसाचा फोटो येतो. त्याखाली एक वाक्य असतं: हा माणूस बराच वेळ 'बारच्या मागे' असतो. तो कोण असेल, हे लिहायचं. इंग्रजीत 'बार' म्हणजे तुरुंगाचे गजही आणि दारूच्या बारचं काउंटरही. त्यामुळे 'गुन्हेगार' हे उत्तर जसं बसतं तसंच 'बारटेंडर'ही बसतं. पण फोटो काळ्या माणसाचा असला की अनेक गोऱ्या विद्यार्थ्यांना आधी गुन्हेगारच सुचतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चॉप, मॉन्टीथ आणि मार्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असा सापळा होता.

असं उत्तर देणाऱ्यांपैकी काहींना टोकलं गेलं. कुणाला सौम्यपणे सांगितलं, की काळ्या लोकांबद्दल जरा न्यायाने विचार करून बघ. कुणाला थेट ऐकवलं, की वर्णद्वेष्ट्यासारखं बोलणं थांबव. पुढच्या फेरीत दोन्ही प्रकारच्या लोकांची साचेबंद उत्तरं कमी झाली. मात्र कडक शब्द ऐकलेल्यांना राग जास्त आला आणि टोकणारा माणूसही जास्त नावडता झाला.

'टोकलं की माणूस उलट हट्टाला पेटतो, म्हणून गप्प बसा' असा सल्ला सर्रास दिला जातो. या प्रयोगांचा कौल तसा नाही. टोकणं लागू पडतं, फक्त कडक टोकण्याची किंमत नात्यात मोजावी लागते. प्रयोगशाळेत ती परवडते, कारण रागावलेला विद्यार्थीही जागेवर बसून पुढचा फोटो बघतो. राजकारणात रागावलेला माणूस उठून दुसऱ्या गोटात जातो, आणि तिथे त्याचं स्वागतच होतं.

हे गोट किती दूर गेलेत? मुलाने किंवा मुलीने विरोधी पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल, असं १९६० मध्ये जेमतेम ५ टक्के अमेरिकन सांगत होते. २०१० च्या पाहणीत हे प्रमाण रिपब्लिकनांमध्ये ४९ टक्के आणि डेमोक्रॅटांमध्ये ३३ टक्के निघालं. अशा वातावरणात ९ सप्टेंबर २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पसमर्थकांपैकी निम्म्यांना 'डिप्लोरेबल्स' (निंद्य लोक) म्हणून एकाच टोपलीत टाकलं आणि त्या टोपलीवर वर्णद्वेषी, स्त्रीद्वेषी अशी लेबलं लावली. 'निम्मे' म्हणाल्याबद्दल दुसऱ्याच दिवशी त्यांनी खेद व्यक्त केला. पण ट्रम्पसमर्थकांनी 'डिप्लोरेबल' ही शिवी बिरुदासारखी मिरवायला घेतली. वाक्य चुकलं असेल तर ते मागे घेता येतं. माणूसच वाईट ठरवला, तर त्याला मागे घेण्यासारखं काही उरत नाही.

शब्दाचा घोळही आहे. एकाच्या लेखी वर्णद्वेष म्हणजे मनातला तिरस्कार, दुसऱ्याच्या लेखी व्यवस्थेतला अन्याय. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेने नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' दाखवल्या. तसा नकाशा बघून कर्ज नाकारणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष नसेलही, पण घर मिळालं नाही ते नाहीच. एक जण नकाशाबद्दल बोलतो, दुसऱ्याला ते कारकुनाबद्दल ऐकू येतं, आणि वाद तिथेच नासतो.

समाजमाध्यमांवर तर कडक शब्दाला बक्षीसच मिळतं. संशोधक ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५,६३,३१२ ट्वीट तपासली. नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटांचा एकेक शब्द वाढला की ट्वीट पुढे पाठवलं जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं, पण मुख्यतः आपल्याच कंपूत.

त्याच वर्षी राज्यशास्त्रज्ञ केविन मंगर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काळ्यांबद्दलची वांशिक शिवी वापरून इतरांना छळणाऱ्या गोऱ्या पुरुषांना ट्विटरवर बनावट खात्यांवरून एकच उत्तर गेलं, त्याचा आशय असा: अशा भाषेने खरी माणसं दुखावतात. शब्द तेच ठेवून खात्यावरचा चेहरा गोरा किंवा काळा आणि अनुयायी मोजके किंवा पाचशेच्या वर, एवढंच बदललं. शिव्यांमध्ये ठळक घट झाली ती गोरा चेहरा आणि जास्त अनुयायी असलेल्या खात्यामुळे. म्हणजे टोकण्याचं ओझं ज्याला शिवी बसते त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहेच, शिवाय त्याचा उपयोगही कमी होतो. शिवी देणाऱ्याच्याच गोतावळ्यातल्या माणसांनी ते उचलायला हवं.

मत बदलण्याची कसून तपासलेली एक पद्धत म्हणजे घरोघरी जाऊन दारात बोलण्याची. राज्यशास्त्रज्ञ ब्रुकमन आणि कल्ला यांनी तिची आधी मायामीत ट्रान्सजेंडर हक्कांबाबत (२०१६) आणि नंतर कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांबाबत (२०२०) चाचणी घेतली. कार्यकर्ता आधी मत विचारतो आणि शून्य ते दहामध्ये आकडा मागतो. उत्तर कितीही खटकलं तरी भुवई उंचावायची नाही, 'असं का वाटतं?' एवढंच विचारायचं. मग स्वतःचा एखादा अनुभव सांगायचा. वेगळेपणामुळे तुम्हाला कधी कुणी तुच्छ लेखलं का, हे घरमालकाला आठवायला लावायचं. ती आठवण मूळ विषयाशी त्यालाच जोडू द्यायची आणि शेवटी पुन्हा आकडा विचारायचा. मायामीत सरासरी दहा मिनिटं लागली, आणि परिणाम तीन महिन्यांनंतरही मोजता आला. स्थलांतरितांच्या प्रयोगात अनुभवांची देवाणघेवाण वगळून नुसते मुद्दे मांडले, तेव्हा टिकाऊ परिणाम दिसलाच नाही.

ही पद्धत स्वस्त मात्र नाही. मायामीच्या प्रयोगासाठी ६८,३७८ मतदारांना पत्रं गेली, १,८२५ जणांनी पाहणीत भाग घेतला आणि प्रत्यक्ष दार उघडून बोलले ५०१. समोर होते ५६ कार्यकर्ते, आणि त्यांना आधी शिकावं लागलं ते ऐकून घ्यायला.