मुंग्यांमधील गंधसंवाद

मुंग्या आपल्या शरीरातील ग्रंथींतून स्रवणाऱ्या रसायनांच्या आधारे एकमेकींना माहिती देतात. या पद्धतीला गंधसंवाद म्हणतात. अन्नाची वाट, शत्रूची चाहूल, आपली-परकी ओळख, राणी जिवंत असल्याची खूण असे वारुळातले बहुतेक व्यवहार गंधावर चालतात; स्पर्श आणि आवाज त्याला जोड देतात. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये असा निरोप पोहोचवणाऱ्या द्रव्यांना पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ मध्ये फेरोमोन हे नाव दिले. या संवादात गंध सोडण्याला जितके महत्त्व आहे, तितकेच तो वेळेवर विरून जाण्याला आहे. बहुतेक वर्णनांत या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष होते.

गंध टिपण्याचे काम डोक्यावरच्या, कोपरासारख्या वाकलेल्या दोन शृंगिका (मिशा) करतात. त्यांच्यावर सूक्ष्म संवेदी केस असतात. फळमाशीत गंधग्राही प्रथिनांची सुमारे ६० जनुके आढळतात. मुंग्यांच्या अनेक जातींत ती ३०० हून अधिक आहेत. २०१७ मध्ये दोन संशोधक गटांनी या ग्राहींना आवश्यक असलेले ‘ऑर्को’ हे जनुक निकामी केले. त्या मुंग्या मार्ग धरेनात, सोबतिणींपासून फुटून एकट्याच भटकू लागल्या. वास गेला आणि त्यासोबत समूहजीवनही गेले.

मुंग्यांच्या रांगेवर आडवे बोट घासले की रांग तुटते, हे निरीक्षण अठराव्या शतकात स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी केले होते. पुसलेल्या पट्ट्याच्या कडेला आलेली मुंगी थबकते, शृंगिका जमिनीवर फिरवते, मागे वळते. थोड्या वेळाने एखादी धीर करून पलीकडे जाते, तिच्यामागून दुसरी जाते आणि वाट पुन्हा सांधली जाते. वाट नेमकी कशाने आखली जाते, याचे उत्तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिळाले. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी फायर अँट या मुंगीच्या उदरातील एकेक अवयव काढून त्याच्या अर्काने रेघ ओढून पाहिली. डुफूर ग्रंथीच्या अर्काची रेघ ओढताच कामकरी मुंग्या वारुळातून लोंढ्याने बाहेर पडल्या आणि रेघ जिथवर होती तिथवर गेल्या. अन्न सापडलेली मुंगी परतताना नांगीचे टोक जमिनीला टेकवत हा स्राव लावत येते.

एका फायर अँटने आखलेली वाट साधारण दोन मिनिटांत उडून जाते. हा दोष वाटेल, पण सारी व्यवस्था याच गुणावर उभी आहे. अन्न शिल्लक असेपर्यंत परतणारी प्रत्येक मुंगी वाटेवर नवा थर चढवते. अन्न संपले की रिकाम्या हाताने परतणाऱ्या काहीच लावत नाहीत आणि वाट आपोआप पुसली जाते. कोणी हुकूम देत नाही, कोणी मोजदाद ठेवत नाही. जवळच्या वाटेचा शोधही असाच लागतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुसेल्समध्ये झां-लुई दनबूर आणि सहकाऱ्यांनी अर्जेंटाइन मुंग्यांपुढे वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब असे दोन पूल ठेवले. आखूड पुलावरून मुंग्या लवकर परतल्या, म्हणून त्यावर गंध आधी साचला आणि काही मिनिटांत बहुतेकींनी तोच पूल धरला. मात्र लांब पूल आधी रुळला आणि आखूड पूल नंतर जोडला, तर त्या बहुधा जुन्या वाटेलाच चिकटून राहत. संगणकशास्त्रज्ञ मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या प्रबंधात याच तत्त्वावर संगणकासाठी मार्गशोधाची रीत मांडली. तिच्यात गंधाचे बाष्पीभवनही मुद्दाम घातलेले आहे.

सर्वच जाती इतक्या अल्पजीवी वाटा वापरत नाहीत. फॅरो मुंगीच्या काही वाटा दीर्घकाळ टिकतात, आणि निष्फळ फाट्याच्या तोंडाशी ती ‘इकडे येऊ नका’ असे सांगणारे वेगळे फेरोमोन लावते. २००५ मध्ये ते उघडकीस आले. पाने कापणाऱ्या ‘अट्टा’ मुंग्यांचे मार्गद्रव्य तर इतक्या कमी मात्रेत ओळखले जाते, की अवघे एक मिलिग्रॅम पृथ्वीभोवती वाट आखायला पुरेल असा हिशेब आहे.

धोक्याचा गंध याहून हलका आणि चपळ असतो. हार्वेस्टर मुंगीने सोडलेला इशारा स्थिर हवेत सुमारे १३ सेकंदांत ६ सेंटिमीटरपर्यंत पसरतो आणि ३५ सेकंदांत नाहीसा होतो. दूरवर जिथे तो विरळ असतो तिथे मुंग्या उगमाकडे ओढल्या जातात. जवळ, दाट गंधात, त्या खवळतात. म्हणजे एकाच रसायनाचा अर्थ मात्रेनुसार बदलतो. किरकोळ गडबड झाली तर इशारा तिथेच विरतो आणि सगळे वारूळ उठत नाही.

ओळखीचा गंध याच्या अगदी उलट. उपत्वचेवरील, म्हणजे शरीराच्या बाहेरच्या कवचावरील, मेणासारखी जड हायड्रोकार्बने (कार्बन-हायड्रोजनची संयुगे) सहसा उडून जात नाहीत, म्हणून शृंगिकांनी अगदी जवळून चाचपून ती ओळखावी लागतात. एकमेकींना चाटताना आणि तोंडातून अन्न भरवताना ती मिसळतात आणि साऱ्या वारुळाचा एक सामाईक गंध तयार होतो. तो न जुळणारी मुंगी परकी ठरते. काळ्या ‘लासियस नायगर’ मुंगीच्या राणीच्या अंगावरील अशाच एका हायड्रोकार्बनमुळे कामकऱ्यांच्या अंडाशयांची वाढ दबलेली राहते.

मेलेली मुंगी सुमारे दोन दिवस तशीच पडून राहते; विघटनातून ओलेइक आम्लासारखी द्रव्ये साचली की मगच सोबतिणी तिला उचलून उकिरड्यावर टाकतात. विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये जिवंत मुंग्यांना हे आम्ल लावले. पाय झाडत असतानाही त्यांना उकिरड्यावर नेऊन टाकण्यात आले. स्वतःला पुसून पूर्ण स्वच्छ होईपर्यंत त्या परतल्या की पुन्हा बाहेर काढल्या जात. डोळ्यांपेक्षा गंधावर मुंगीचा भरवसा किती आहे, हे इतक्या थेटपणे दाखवणारा दुसरा प्रयोग क्वचितच असेल.

या भरवशाचा गैरफायदा घेणारेही आहेत. इतर मुंग्यांचे कोश पळवणारी ‘फॉर्मिका सबइंटेग्रा’ हल्ल्याच्या वेळी डेसिल अॅसिटेट आणि त्याच्या जवळची द्रव्ये फवारते. बचाव करणाऱ्या मुंग्या गोंधळून पांगतात. ‘फेंगारिस’ फुलपाखराच्या अळीच्या अंगाला ‘मिर्मिका’ मुंगीच्या पिलासारखा गंध असतो, त्यामुळे मुंग्या तिला स्वतःहून वारुळात नेतात. या अळीवर अंडी घालणारी ‘इक्न्यूमन यूमेरस’ ही गांधीलमाशी तिच्या मागावर वारुळात शिरते आणि अशी रसायने सोडते, की एकाच वारुळातल्या मुंग्या आपसांत लढू लागतात. त्या झुंजीत माशी अळीपर्यंत पोहोचते.