वारसा ठरलेला शातो सरकारजमा होतो का?

फिरत असलेला दावा असा: फ्रान्समधला एखादा गावाकडचा शातो, म्हणजे वाडा-किल्ला, संरक्षित वारसा ठरला की तो सरकारजमा होतो.

आपल्याकडचे बरेच गडकोट सरकारच्या ताब्यात असल्यामुळे हे खरं वाटणं साहजिक आहे. पण संरक्षण वेगळं आणि मालकी वेगळी. फ्रान्समधल्या शेर नदीवरचा शनोंसो हा शातो बघा. संरक्षित वास्तूंच्या १८४० च्या पहिल्याच यादीत त्याचं नाव आलं, तरी तो आजही खाजगी मालकीचा आहे आणि रोज तिकीट लावून चालतो.

३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्यापासून संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरच्या वास्तूचं कुठलंही दुरुस्तीकाम परवानगीशिवाय होत नाही. खालच्या पायरीवर नियम जरा सैल. मालक वास्तू विकू शकतो, मात्र घेणाऱ्याला संरक्षणाची कल्पना द्यावी लागते. अनुदान मिळू शकतं, पण छत गळायला लागलं तर खर्चाची पहिली चिंता मालकाचीच. आणखी एक गंमत म्हणजे संरक्षण अख्ख्या इस्टेटीला असेलच असं नाही. कधी फक्त दर्शनी भिंती आणि छप्पर, कधी एकटा जिना!

पडताळायचं असेल तर फ्रेंच सरकारचा 'मेरिमे' हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. शातोचं नाव टाका. संरक्षणाची तारीख, नेमका संरक्षित भाग आणि मालकीचा प्रकार वेगवेगळ्या रकान्यांत दिसतो. तिथे 'प्रोप्रिएते प्रिवे' लिहिलं असेल, तर ती खाजगी मालमत्ता आहे.