तसराळ्याच्या आतला पांढरा थर

माळ्यावरून उतरवलेलं किंवा जुन्या बाजारातून हौसेनं आणलेलं पितळी तसराळं, म्हणजे पसरट तोंडाचं मोठं भांडं, हल्ली बहुतेक वेळा दिवाणखान्यात जातं. त्यात पाणी घालून फुलं सोडतात. मला मात्र ते मसालेभातानं भरून पंगतीत फिरताना बघायला आवडतं, आणि तसं ते आजही वापरता येतं. आधी आत डोकावून एवढंच बघायचं, की बुडाशी आणि कडांना चंदेरी पांढरा थर शाबूत आहे ना. तो थर म्हणजे कल्हई, कथील (टिन) या धातूचा मुलामा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यात राहिला की हे दोन्ही धातू थोडे थोडे विरघळून अन्नात उतरतात. ताकाचा सामू (पीएच) साधारण ४ ते ४.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. सामू ६ पेक्षा कमी असलेल्या पदार्थाला तांब्या-पितळेचा स्पर्श होऊ नये, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची अन्नसंहिता सांगते. आपल्या घरांत हेच जिभेनं ठरलेलं होतं. उघड्या पितळेत आमटी राहिली तर ती कळकते, हिरवट दिसते, तोंड तुरट करते आणि पोटात गेली तर मळमळतं. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

कल्हईचं काम बघण्यासारखं असतं. पितळ वितळायला साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतात, कथलाला जेमतेम २३२. म्हणून भांडं न बिघडता त्याच्या आत कथील वितळवता येतं. पण तापलेल्या पितळेवर ऑक्साइडचा थर असतो आणि त्यावर कथील पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. इथे नवसागर कामाला येतो. तो अमोनियम क्लोराइड आहे. तापलेल्या धातूवर पडताच त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा ऑक्साइड खाऊन टाकतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. थोडं वर जाऊन गार झाले की दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात; भट्टीवर दिसणारा तो पांढरा धूर म्हणजे परत तयार झालेला नवसागरच. त्याच क्षणी कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की ते नुसतं वर बसत नाही. तांबं आणि कथील यांचं एक पातळ संयुग मधे तयार होतं आणि तेच थराला धरून ठेवतं.

कथील अन्नासाठी निर्धोक का, तर शरीर ते फार कमी शोषतं. डबाबंद फळांच्या पत्र्यालाही आतून कथलाचाच मुलामा देतात.

या थराचे दोन वैरी आहेत. पहिला, कोरडी आच. शेंगदाण्याचं तेल धुरावतं ते २३० अंशांच्या आसपास, म्हणजे कथील वितळतं जवळपास तिथंच; रिकामं भांडं गॅसवर राहिलं तर कल्हई ओघळलीच. दुसरा, तारेची घासणी. एकदा ओरखड्यातून पितळ उघडं पडलं की आंबट रसात दोन धातूंची छोटी विद्युतघटमाला तयार होते आणि त्यात कथील आधी झिजतं. त्यामुळे लहान ओरखडा वेगानं पसरतो. आत लालसर-पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्यावी. तोवर त्यात लाडू, चिवडा ठेवावा. कोशिंबीर आणि सोलकढी अजिबात नाही.

माझी खरी काळजी शिशाची आहे. शिसं स्वस्त असतं आणि कथलात सहज मिसळतं. मग मिश्रण आणखी कमी तापमानाला, १८३ अंशांपासूनच वितळू लागतं आणि भराभर पसरतं. म्हणून अनोळखी भांड्यातली जुनी कल्हई तशीच वापरू नये, नवी करून घ्यावी आणि करणाऱ्याला कथलाची कांडी वाकवून दाखवायला सांगावी. शुद्ध कथील वाकताना करकरतं, कारण आतले स्फटिक एकदम दिशा बदलतात. शिसं असा आवाज करत नाही. पक्की खात्री हवी तर क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रानं तपासता येतं. सोन्याचं कॅरेट मोजायला अनेक सराफांकडे त्याच तत्त्वाचं यंत्र असतं, फक्त ते शिसं मोजतं का हे आधी विचारावं.

बाहेरून चकाकी आणायला चिंच-मीठ उत्तम, पण काही मिनिटंच. आम्ल जास्त वेळ राहिलं तर जस्त निघून जातं आणि गुलाबी तांब्याचे डाग उरतात. शिवाय प्रत्येक घासणीत थोडा धातू जातोच. भांड्यावर ठोक्या-ठोक्यांनी कोरलेलं नाव असेल, तर तेवढा भाग हलक्या हातानं पुसावा. आणि विकत घेताना कडी, पाय, जोड उलटून बघावेत. रिव्हेटनं बसवलेले असतील तर निश्चिंत. डाखलेले, म्हणजे वितळवलेल्या धातूनं चिकटवलेले, असतील तर त्या डाखात शिसं असू शकतं. जोड आतल्या बाजूनं अन्नाला लागत असेल तर ते भांडं फुलांसाठीच ठेवावं.