शुभंकर: रुग्णाच्या माणसाला उपचारात जागा कशी मिळाली

पुण्यात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या स्वमदत गटाच्या बैठकीला पहिल्यांदा गेलं की दोन शब्द कानावर पडतात. ज्याला आजार आहे तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा शुभंकर. हेच शब्द पार्किन्सन्सच्या मित्रमंडळातही रुळले आहेत. ‘पेशंट’ आणि ‘नातेवाईक’ हाताशी असताना हे नवे शब्द का लागले, ते कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८५८ साली कंपनी सरकार जाऊन राणीचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांसाठी पहिला मोठा कायदा झाला. आज महाराष्ट्रात असलेली नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिश अमदानीतली. गावाबाहेर मोठी जागा, भोवती उंच भिंत, आत बराकी. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला नेऊन सोडा’ असं आपण अजूनही सहज बोलून जातो, ते त्या भिंतींमुळेच.

१९१२ च्या कायद्यात नातेवाईकाचं काम नेमकं ठरवून दिलेलं होतं. त्याने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांचे दोन दाखले जोडायचे. अर्जदाराने आधीच्या १४ दिवसांत त्या माणसाला स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, अशीही अट होती. हुकूम मिळाला की रुग्ण आत आणि नातेवाईक फाटकाबाहेर. त्या माणसाला काय आवडतं, तो कशाने घाबरतो, बिघाड कधीपासून सुरू झाला, हे सगळं ज्याला ठाऊक त्याचं काम अर्जावरच्या सहीपाशी संपायचं.

१९२० च्या दशकात पाट्या बदलून ‘मानसिक रुग्णालय’ झाल्या, आतलं फारसं बदललं नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या १९४६ च्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मानसिक रुग्णालयांची पाहणी केली. बहुतेक इमारती माणसांना बरं करण्यासाठी बांधलेल्याच नाहीत, त्या कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. अख्ख्या देशात खाटा होत्या सुमारे १० हजार.

मग फाळणी झाली. पंजाबचं मोठं मानसिक रुग्णालय लाहोरला, म्हणजे पाकिस्तानात राहिलं. तिथल्या हिंदू आणि शीख रुग्णांची तीन वर्षांनी, १९५० मध्ये अदलाबदल झाली आणि त्यांना सीमेवरून अमृतसरला आणलं गेलं. त्यांची घरं आता दुसऱ्या देशात होती. ज्यांची माणसं दंगलीत गेली किंवा कुठल्या तरी निर्वासित छावणीत हरवली, त्यांना भेटायला कोण येणार?

त्याच अमृतसरच्या रुग्णालयात पुढे डॉ. विद्यासागर अधीक्षक झाले. रुग्ण जास्त, जागा कमी आणि कर्मचारी त्याहून कमी. पन्नाशीच्या दशकात त्यांनी रुग्णालयाच्या मोकळ्या मैदानात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही तिथे राहायला सांगितलं. फाटकावर अडवला जाणारा माणूस थेट आत, रुग्णाच्या शेजारच्या खाटेवर आला.

या तंबूंचं मला फार मोल वाटतं. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र बसायचे, डॉक्टर बोलायचे, प्रश्न विचारले जायचे. हा आजार कुणाच्या पापाचं फळ नाही, करणी नाही, तो ताब्यात येऊ शकतो, हे माणसं ऐकायची आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाहायची. आठवड्यापूर्वी आरडाओरडा करत आलेला शेजारच्या तंबूतला मुलगा आज गप्पा मारत जेवतोय, हे डोळ्यांनी दिसल्यावर वेगळं पटवून द्यावं लागत नसे. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. घरी जाणाऱ्यांना आजाराची चार लक्षणं कळत होती, औषध का थांबवायचं नाही ते कळत होतं. गावात कुणाला असा त्रास झाला तर तेच त्याला अमृतसरला घेऊन यायचे. जागेच्या अडचणीतून निघालेला मार्ग उपचाराचाच भाग होऊन बसला. १९५७ मध्ये वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णासोबत घरचं माणूस राहण्याची पद्धत सुरू झाली. पुढे बंगळुरूतही ती आली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना वेगळंच काही दिसत होतं. रुग्णालयातून घरी गेलेले काही रुग्ण पुन्हा लवकर आजारी पडत होते आणि त्याचा घरातल्या वातावरणाशी संबंध होता. सतत टोचून बोलणं, राग, किंवा उलट टोक म्हणजे क्षणभरही मोकळं न सोडणं. घरात हे जास्त असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे पुढच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं. १९७७ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज एंगल यांनी शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी आजार पाहण्याचा आराखडा मांडला. तो आता प्रत्येक मेडिकल विद्यार्थी शिकतो. तंबूंबद्दल मात्र त्याला क्वचितच कुणी सांगतं.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास सुरू केला. भारतातलं केंद्र होतं आग्रा. दोन आणि पाच वर्षांनी पाहिलं, तर स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आग्र्यात आणि नायजेरियातल्या इबादानमध्ये श्रीमंत देशांतल्यापेक्षा बरे दिसले. कुटुंब सोबत असतं म्हणून, असं एक कारण पुढे आलं. त्यावर आजही वाद आहे, आणि तो असायलाच हवा. कारण ‘आपल्याकडे घर सांभाळतं’ हे वाक्य सरकारला फार सोयीचं. घर सांभाळतं म्हटलं की दवाखाना कमी बांधला तरी चालतो.

घरावर टाकलेल्या ओझ्याचं काय होतं, ते ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्याने तिथे मनोरुग्णांसाठी खासगी निवारे चालत. एका निवाऱ्याला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळदंडाने बांधलेली. २८ जण गेले. त्यांना तिथे आणून ठेवणारे बहुतेक घरचेच होते, आणि त्यांना क्रूर म्हणून मोकळं होता येत नाही. कितीतरी वर्षं एकट्याने झेलून थकलेली माणसं होती ती. जिल्ह्याच्या पातळीवर उपचार न्यायचे, असं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने १९८२ मध्येच ठरवलं होतं. त्यांच्या गावापर्यंत ते पोचलेच नव्हते.

महाराष्ट्रात ही बाजू आधी ओळखली ती सरकारबाहेरच्या माणसांनी. १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेच येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथे काम केलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं आणि पहिली मोठी मदत दिली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी. व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार लागतो, हे ओळखून तिथे ‘सहचरी’ गट चालू झाला. १९९७ मध्ये पुण्यात जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. संख्याशास्त्राचे हे प्राध्यापक कॅनडात राहत होते, आणि आजार त्यांच्या घरातच होता. काळजी घेणारा दमतो, त्याला राग येतो, लाज वाटते, अपराधी वाटतं, हे शुभंकरांच्या बैठकीत मोठ्याने बोलता येऊ लागलं. ‘नातेवाईक’ या शब्दात नुसतं नातं आहे. ‘शुभंकर’ या शब्दात त्याच्या कामाची दखल आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली. रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, निवडता येतो. तो नात्यातलाच हवा, असंही नाही. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवायचं नाही, त्यासाठी सरकारने निवासाची सोय उभी करायची, हेही त्यात लिहिलं आहे.

अशाच एका बैठकीत सत्तरीच्या एक आई दोनशे पानी वही घेऊन आल्या होत्या. सकाळची गोळी जेवणाआधी की नंतर, मुलगा दोन रात्री झोपला नाही तर डॉक्टरांना कधी कळवायचं, त्याला पोहे आवडतात पण शेंगदाणे चालत नाहीत, दार जोरात वाजवायचं नाही. निळ्या शाईत, तारखा घालून. गोळी बदलली तिथे जुनं नाव खोडून वर नवं लिहिलेलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘माझ्यानंतर’ असं लिहून त्याखाली नावासाठी एक ओळ आखली होती. ती ओळ अजून कोरी होती.